दोघींचा लॅपटॉप

आमचा जुना लॅपटॉप फुगला. अक्षरशः फुगला. आतली बॅटरी फुगून कीबोर्ड पुरीसारखा वर आला. मी म्हटलं, "अहो अक्का, लांब व्हा, पेट घेईल ते," तर अक्का आणखी पुढं वाकून बोटानं दाबून बघतायत. "नववा महिना दिसतोय गं हेमा," म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसल्या. गल्लीला ऐकू गेलं असणार.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, अनसूया म्हेत्रे. मी धाकटी, हेमलता. आमचे नवरे सख्खे भाऊ. दोघंही गेले, आणि तेव्हापासून इचलकरंजीतल्या या घरात आम्ही दोघीच. खाली मागाची शेड, वर घर. माग कधीच भंगारात गेले, पण अक्कांनी अख्खा संसार त्या खडखडाटाच्या डोक्यावर बसून केला. त्यात त्यांचे कान गेले आणि आवाज तेवढा शिल्लक राहिला. आवाज कसला, गिरणीचा भोंगाच! त्या 'चहा ठेव' म्हणाल्या तरी नव्या माणसाला वाटतं, घरात मारामारी चाललीय. तुटलेले धागे जोडून जोडून त्यांच्या बोटांची पेरंही सुपारीएवढी सुजलीत. मी मात्र सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात टायपिस्ट होते. त्यामुळं आमच्या घरात तोंड त्यांचं आणि बोटं माझी, असा कारभार. आणि तो उत्तम चालला होता, कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं.

तर नवा लॅपटॉप घ्यायला मेन रोडच्या दुकानात गेलो. दुकानाची मालकीण तेजश्री, तिशीची, बोलायला गोड.

"वापर काय आहे मावशी? गेम, व्हिडिओ एडिटिंग, ऑफिस?"

"रोजचा घरगुती," मी म्हटलं.

"म्हणजे नेमकं?"

"लाइटबिल, गॅस, सुहासचं तोंड बघायचं, आनि भांडण!" अक्का गरजल्या. दुकानातली चार माणसं वळली.

"भांडण कुणाशी हो आजी?"

"कटाच्या आमटीत टोमॅटो घालतो त्या मुडद्याशी!"

मग मला समजावून सांगावं लागलं की अक्का स्वयंपाकाचे व्हिडिओ बघतात आणि त्याखाली जगभरच्या लोकांशी वाद घालतात. त्या सांगतात, मी टाइप करते. तेजश्री हसली, पण मग जरा गंभीर झाली. दोन लॅपटॉप तिनं पुढं ठेवले. एक साधा, करड्या रंगाचा. दुसऱ्याच्या कीबोर्डच्या कडेनं एक बारीक चमकती रेघ.

"याच्यात 'कवच' आहे," ती म्हणाली. "साध्याला नाही. साध्यावरून व्यवहार केला आणि कुणी फसवलं, तर बँक हात वर करते."

एवढ्यात फोन वाजला. अक्कांचा मुलगा सुहास, हैदराबादहून. त्याला कुठून वास लागतो कोण जाणे. "काकू, कवचवालाच घ्या. प्लीज, हट्ट करू नका. जामदार मास्तरांचं काय झालं, आठवतंय ना?"

आठवत होतं. समोरच्या घरातल्या जामदार मास्तरांना नातवाचा फोन आला होता. नातवाचाच आवाज, नातवाचाच चेहरा, नातवाचंच रडणं. मास्तरांनी जन्मभराची पुंजी पाठवली, आणि नातू बिचारा त्या वेळी कॉलेजात परीक्षा देत होता. ते सगळं यंत्रानं बनवलेलं सोंग होतं. मास्तर त्यानंतर दारातसुद्धा दिसेनासे झाले. अशी प्रकरणं गावोगाव झाली आणि सरकारनं नियम केला, की पैशाच्या कामात बँकेची हमी हवी असेल तर आवाज चालणार नाही, चेहरा चालणार नाही, बोटंच लागतील. तोंडाची नक्कल करता येते, पण कीबोर्डवर बोटं कशी पडतात त्याची नक्कल अजून कुणाला जमलेली नाही.

"ते कसं?" मी विचारलं. टायपिस्ट होते ना, उत्सुकता होती.

तेजश्रीनं छान सांगितलं. प्रत्येकाचं बटण दाबायचं वजन वेगळं, एका बटणावरून दुसऱ्यावर जायचा वेग वेगळा. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कवच ते मोजतं. पण खरी गंमत त्याच्या पुढची. माणूस स्वतःच्या मनातलं लिहितो तेव्हा बोटं वाक्याच्या तोंडाशी अडतात, कारण पुढचं वाक्य डोक्यात जुळत असतं. मधेच मागं येतो, खोडतो, परत लिहितो. आणि दुसरा कुणी सांगतोय, आपण नुसतं उतरवतोय, अशा वेळी बोटं सरळ पळतात आणि सांगणारा श्वास घेईल तिथं थांबतात. यावरून कवचाला कळतं, की लिहिणाऱ्याचा निर्णय स्वतःचा आहे का कुणी मानगुटीवर बसून करून घेतंय. सोबत आवाजातला ताणही ते ऐकतं. सगळं ठीक तर रेघ हिरवी. शंका आली तर पिवळी. दबाव दिसला तर तांबडी, आणि व्यवहार तिथंच थांबतो. मग आपण नेमलेल्या विश्वासू माणसाला निरोप जातो आणि त्यानं होकार दिल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

ऐकून मला कौतुकच वाटलं, खोटं कशाला सांगू. मास्तरांकडं हे असतं तर वाचले असते. दोघींचाही विश्वासू माणूस म्हणून सुहासचं नाव घातलं. पसंत नाही पडला तर महिन्याभरात बदलून मिळेल, असं तेजश्री म्हणाली, आणि आम्ही कवचवाला घेऊन घरी आलो.

पहिल्या दिवशी बोटांची ओळख द्यायची होती. माझं झटक्यात झालं. अक्कांनी एकेक बटण हुडकत, कण्हत, त्या यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करत एक परिच्छेद टाइप केला. तो झाल्यावर बोटं गरम पाण्यात बुडवून बसल्या. "आता परत न्हाई गं बाई," म्हणाल्या. मग अक्कांच्या खात्यात मदतनीस म्हणून माझी नोंद केली आणि आमचा जुना कारभार सुरू झाला.

दोन-तीन दिवसांत गॅस संपला. सिलिंडर येईना. अक्का म्हणाल्या, "लिही त्यास्नी. म्हणावं, मुडद्यानू, चूल काय तुमच्या डोस्क्यावर पेटवू?"

मी लिहिलं, "नमस्कार. सिलिंडर अद्याप आलेला नाही. कृपया लवकर पाठवावा, ही विनंती."

हे आमचं नेहमीचंच. अक्का शिव्या देतात, मी त्यात साखर घालते. त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, नुसतं गॅसवाल्याला माहीत नाही. पण रेघ पिवळी झाली. पडद्यावर अक्षरं उमटली: मदतनीस व्यक्ती मूळ व्यक्तीने सांगितल्यापेक्षा वेगळा मजकूर लिहीत आहे.

"काय म्हणतंय ते?" अक्कांनी विचारलं.

"मी तुमच्या तोंडात माझे शब्द घालते म्हणतंय."

"मग? ते काय आज कळलं व्हय त्याला?"

आम्ही हसलो आणि सोडून दिलं. चुकलंच. कारण दुसऱ्या दिवशी अक्कांचं लाइटबिल भरताना रेघ सरळ तांबडी झाली आणि त्यांच्यावर मदतनीसाचा दबाव आहे, असा सुहासला निरोप गेला.

संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल. चेहरा उतरलेला. "काकू, जरा आईशी एकटीशी बोलायचंय."

चाळीस वर्षांत या घरात मला कुणी 'जरा बाहेर जा' म्हटलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले. आता अक्कांना ऐकू यायचं तर सुहासला ओरडावं लागणार, हे त्या शहाण्याच्या लक्षात कसं यावं? त्यानं गुपित विचारलं ते अख्ख्या गल्लीत.

"आई! काकू तुझ्याकडून काही करून घेते का?"

"आँ?"

"काकू! तुला! काही करायला लावते का? सह्या वगैरे?"

माझ्या हातातली पळी हातातच राहिली. ज्या पोराला मी मांडीवर घेऊन वरणभात भरवला, ज्याच्या दहावीला रात्र रात्र जागून नोट्स टाइप करून दिल्या, ते पोर ओरडून विचारतंय, काकू चोर आहे का. तळपायाची आग मस्तकाला गेली. रडूही आलं. दोन्ही एकदम आलं.

"लावती की!" अक्का तेवढ्याच जोरात म्हणाल्या. "गोळ्या घ्या म्हणती, मीठ कमी खा म्हणती. मी ऐकत न्हाई!"

त्या रात्री मी जेवणार नव्हते, पण अक्कांनी मला जबरदस्तीनं दोन घास खायला लावले. मनात मात्र किडा शिरला तो शिरलाच. यंत्र खोटं तर बोललं नव्हतं. अक्का सांगतात एक आणि मी लिहिते दुसरं, हे खरंच आहे. मग इतकी वर्षं गॅसवाल्याला, बँकेला, त्या टोमॅटोवाल्याला जे गेलं, ते अक्कांचं किती आणि माझं किती? मला सांगता येईना. मग उलट विचार केला. माझं जे काही आहे, त्यात अक्का किती? पाककृतीत हिंग किती घालायचा इथपासून नवरा गेल्यावर जगायचं कसं इथपर्यंत, सगळ्यात अक्का आहेतच की. घरात राहणाऱ्या माणसांचे निर्णय असे सुटे सुटे निघतात का कधी? भाताची शितं वेगळी करून सांगा म्हणावं, कुठलं कुठल्या पाण्यात शिजलं.

पण यंत्राला हे कोण सांगणार? आठवडा गेला आणि मी माझ्या खात्यातून मिक्सर मागवायला बसले. मला वस्तू घेताना फार वेळ लागतो. हा बघू, तो बघू, राहू दे, उद्या बघू. अक्कांचा धीर सुटला. मागं उभ्या राहून ओरडायला लागल्या, "टाक! दाब ते बटण! घाबरतीस कशाला! दाब म्हणते ना!"

तांबडी रेघ. हेमलता म्हेत्रे यांच्यावर जवळच्या व्यक्तीचा तीव्र दबाव. संशयित: अनसूया म्हेत्रे.

मी डोक्याला हात लावला. म्हणजे त्यांच्या खात्यात मी गुन्हेगार आणि माझ्या खात्यात त्या! आम्ही दोघी एकमेकींना धाकात ठेवून एकाच घरात सुखानं नांदत होतो म्हणायचं. अक्कांना वाचून दाखवलं तर त्यांना एवढं हसू आलं, की ठसका लागला. तेवढ्यात त्यांनी आणखी एक व्यवहार करून बघायचा हट्ट धरला, "बघू आता काय म्हणतंय मुडदा," आणि तिसऱ्यांदा तांबडी झाली.

तिसऱ्या वेळेचा नियम आम्हाला माहीत नव्हता. तो सुहासला माहीत होता. दुसऱ्या दिवशी तो बॅग घेऊन दारात.

चहा झाला. त्यानं कप खाली ठेवला आणि खाली बघतच म्हणाला, "नियम असा आहे की तीन वेळा दबाव दिसला, तर दोघींना महिनाभर वेगळं ठेवून तपासायचं. प्रत्येकीचा निर्णय तिचा तिचा होतो का, ते बघतात. नाहीतर दोघींची खाती बंद. आई माझ्याकडं येईल, काकू, तुम्ही जयसिंगपूरला तुमच्या भावाकडं. तात्पुरतंच आहे."

"तात्पुरतं?" मी म्हटलं. "अरे, या घरात तात्पुरता म्हणून लावलेला पडदा वीस वर्षं झाली, तसाच आहे. एकदा वेगळ्या केल्यात की मग 'आईला इथं बरं वाटतंय, आता कशाला परत,' हे तूच म्हणशील. मी ओळखत नाही का तुला?"

"काकू, मी तुमच्यावर शंका घेत नाही..."

"घेतलीस! ओरडून घेतलीस! समोरच्या जामदारांच्या सुनेनं मला विचारलं, कसल्या सह्या म्हणून! आणि दुसरा रिपोर्ट वाचलास का? त्यात तुझी आई गुंड आहे. पहिला खरा धरलास आणि दुसऱ्यावर हसलास, होय ना?"

हसला असणारच. मग एकदम त्याचा आवाज फुटला. "काकू, जामदार मास्तर पण असंच म्हणायचे. मला सगळं कळतं, मला कोण फसवतंय. मला रात्री झोप लागत नाही हो. तुम्ही दोघी इथं, मी तिकडं. मला फक्त एक यंत्र हवं होतं, जे तुमच्यावर लक्ष ठेवेल."

त्याचं रडणं खरं होतं. मला त्याचा राग आला होता तो आलाच होता, पण मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. अक्का मात्र शांत बसून एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होत्या. ऐकू किती आलं होतं कोण जाणे, कळलं सगळं होतं.

"ह्या पेटाऱ्याला माझं काय पायजे?" त्यांनी विचारलं.

सुहासनं डोळे पुसत सांगितलं, की एक वाट आहे, पण अवघड. खोलीत एकटीनं बसून, कुणी न सांगता, स्वतःच्या बोटांनी निवेदन लिहायचं. कवचाला ते स्वतःचं वाटलं, तर तपासणी टळते आणि निवेदनात लिहिलेलं मान्य होतं. "पण आई, तुझी बोटं. तुला जमणार नाही ते."

अक्का उठल्या. लॅपटॉप काखेत मारला, आतल्या खोलीत गेल्या आणि कडी घातली.

आम्ही दोघं बाहेर जिन्याच्या पायरीवर बसलो. आतून टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक, टक. ऊन पायरीवरून सरकून भिंतीवर गेलं. आतून "आई गं!" असं कण्हणं ऐकू आलं आणि मी ताडकन उठले.

"काकू, नका," सुहासनं माझा हात धरला. "तुम्ही आत गेलात तर बाद होईल."

मी परत बसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना दुखत होतं आणि मी बाहेर होते. त्या यंत्राचा मला एवढा संताप कधी आला नव्हता.

कडी निघाली. अक्का दारात उभ्या, बोटं पोटाशी धरलेली, सुजून लाल झालेली. लॅपटॉप आत टेबलावर उघडा, आणि कडेची रेघ हिरवीगार. सुहासनं आत जाऊन मोठ्यानं वाचलं:

"मी अनसूया म्हेत्रे. मी शिव्या देते, हेमा साखर घालते. मला माहीत आहे. मला तसंच पाहिजे. ती मला विचारल्याशिवाय काही करत नाही, मी तिला विचारल्याशिवाय करत नाही. याला दबाव म्हणत नाहीत, याला घर म्हणतात. माझ्यावर दबाव आहे. तो सुहासचा आहे. तो मला न्यायला आला आहे. मला जायचं नाही. त्याचं नाव काढून टाका."

शेवटच्या ओळीला त्याचा आवाज बारीक झाला. त्याच क्षणी त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं बघितलं आणि तसाच पुढं केला. मी वाचलं: निवेदन पूर्णपणे स्वतंत्र असल्याची खात्री झाली आहे. दबाव आणणारी व्यक्ती: सुहास म्हेत्रे. आपले विश्वासू व्यक्तीचे अधिकार आजपासून थांबवले आहेत.

"आई," तो पलंगावर बसला, "मी दबाव टाकतो?"

"टाकतोस की." अक्कांनी त्याच्या डोक्यावरून तो सुजलेला हात फिरवला. "मायेनं टाकतोस, मला काय कळत न्हाई व्हय? पर गळा मायेनं आवळला तरी दम कोंडतोच रं."

तो आईच्या पदरात तोंड घालून रडला. अक्कांनी रडू दिलं. मी गरम पाणी आणलं, त्यांची बोटं त्यात घातली आणि मग मीही रडून घेतलं. रडता रडता मला हसू येत होतं, कारण चाळीस वर्षांत अक्कांनी स्वतः लिहिलेलं पहिलं पत्र होतं ते, आणि त्यात एकही शिवी नव्हती.

तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला: नवीन विश्वासू व्यक्तीचे नाव द्या.

"हेमा घाल," अक्का म्हणाल्या.

मी घातलं. उत्तर आलं, की दबावाची शंका नोंदवलेली व्यक्ती चालणार नाही.

अक्कांनी पाण्यातून बोटं काढली, पदराला पुसली आणि लॅपटॉपचं झाकण खाडकन बंद केलं. "उचल रं ते सुहास. दुकान बंद व्हायच्या आत जायला पायजे."

सुहासनं मुकाट्यानं उचललं. तिघं दुकानात गेलो. तेजश्रीनं सगळं ऐकून घेतलं आणि तो साधा, करड्या रंगाचा लॅपटॉप पुढं ठेवला. याला कान नाहीत, याला रेघ नाही, बोटं कुणाची पडतात ते हा विचारत नाही, असं तिनं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "आजी, नीट विचार करा. यावरून काही झालं तर मागं कुणी उभं राहणार नाही. बँक नाही, विमा नाही, कुणी नाही."

सुहासला राहवेना. मनाविरुद्ध गप्प बसलेल्या माणसाचं शेवटी तोंड उघडतंच. अक्कांच्या कानाशी जाऊन तो ओरडला, "आई, फसलात तर?"

अख्खं दुकान आमच्याकडं बघत होतं. अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग त्या वळल्या, आणि त्यांच्या त्या भोंग्यासारख्या आवाजात, रस्त्यावर ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"फसलो तर दोघी मिळून फसू. कर गं बिल!"